दोन टक्क्यांचं कर्ज एकसष्टला कसं पडतं

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडापावचा गाडा, रोजचा गल्ला अडीच हजारांच्या आसपास, सगळा खर्च जाऊन सहा-सातशे उरतात. चौकातला एक गाळा भाड्याने मिळतोय. अकरा महिन्यांचा करार, आणि मालकाला आठ दिवसांत 30,000 रुपये डिपॉझिट हवं. पैसे उभे करायला तीन वाटा दिसतात. एक मोबाईल अ‍ॅप, ‘दरमहा फक्त 2 टक्के’, सहा महिने. दुसरा बाजारातला डेली कलेक्शनवाला, शेकडा पंधरा ‘एकदाच’, रोज 300 प्रमाणे शंभर दिवस. तिसरी पतसंस्था, 14 टक्के, पण दोन जामीनदार आणि पंधरा दिवसांची वाट. पुढे विचारलंय, ‘दोन टक्के सगळ्यांत स्वस्त, बरोबर ना?’

नाही. पण तुमची चूक नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या मापांनी भाव सांगितला आहे. एकाने किलोचा, एकाने डझनाचा, एकाने टोपलीचा. मी पतसंस्थेत कर्ज आणि वसुली या दोन्ही टेबलांवर बावीस वर्षं काढली, आणि तिथल्या शिकल्यासवरलेल्या कर्मचाऱ्यांचाही इथेच गोंधळ होताना पाहिला आहे.

मी एकच पद्धत वापरतो. टक्के बाजूला ठेवायचे आणि तीनच आकडे मागायचे: माझ्या हातात नक्की किती येणार, मी एकूण किती परत देणार, आणि कोणकोणत्या तारखांना देणार. बाकी सगळी जाहिरात.

तुम्ही अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यावरूनच बघू. कर्ज 30,000. प्रोसेसिंग फी 900, त्यावर जीएसटी 162, ‘कर्ज सुरक्षा विमा’ 600. हे 1,662 आधीच कापून खात्यात येणार 28,338. व्याज दरमहा 2 टक्के, म्हणजे सहा महिन्यांचे 3,600. हप्ता 5,600, सहा हप्त्यांचे 33,600. तुमच्या खिशातून जाणारा फरक 5,262 रुपये.

आता यातली मेख. हे 2 टक्के ‘फ्लॅट’ आहेत, म्हणजे व्याज कायम मूळ 30,000 वर. पण तुम्ही दर महिन्याला 5,000 मुद्दल परत करत असता. सहाव्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे फक्त 5,000 उरलेले असतात, आणि त्या महिन्याचं व्याज मात्र 600 च. पाच हजारांवर सहाशे म्हणजे त्या एका महिन्याचा दर 12 टक्के झाला. म्हणून दिसायला वर्षाचे 24 टक्के असलेलं हे कर्ज उतरत्या शिलकेवर मोजलं की 40 टक्क्यांना पडतं. त्यात फी, जीएसटी आणि विम्याची कपात धरली की 61. खोटं कोणीच बोललं नाही, फक्त माप वेगळं होतं.

हा 61 चा आकडा तुम्हाला लेखी मागता येतो. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 ला परिपत्रक काढलं, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य आकड्यांचं आणि अटींचं पान, देणं बंधनकारक झालं. अ‍ॅपमध्ये ‘केएफएस’ या नावाने ते दिसेल. त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून होणारा वर्षाचा दर, लिहावाच लागतो. दुसऱ्याच्या नावाने कापलेला विम्याचा हप्तासुद्धा त्यात धरायचा असतो. केएफएसमध्ये नसलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असतं, म्हणजे मराठीत मागा. लोक हे पान उघडतच नाहीत, थेट खालचं हिरवं बटण शोधतात. अ‍ॅप दाखवायलाच तयार नसेल, तर त्याच्यामागे नोंदणीकृत कंपनी आहे की नाही इथूनच शंका घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची यादी ठेवली आहे. त्यात नाव आणि मागची कंपनी जुळवून बघा.

आता डेलीवाला. 30,000 चं कार्ड, म्हणजे रोजच्या वसुलीची नोंद ठेवायचं कार्ड, लिहिणार, 15 टक्के आधीच कापून हातात 25,500 देणार, आणि उद्यापासून रोज 300, शंभर दिवस. ‘वर्षाला पंधरा टक्के, बँकेपेक्षा थोडं जास्त, पण कागद नाही की जामीन नाही,’ असं बरेच जण धरून चालतात. पण हे पंधरा वर्षाचे नाहीत, शंभर दिवसांचे आहेत. शिवाय तुम्ही दुसऱ्या दिवसापासूनच परत द्यायला लागता, त्यामुळे सरासरी बघितली तर त्याचे साधारण निम्मेच पैसे तुमच्याकडे वापरात असतात. 12,750 च्या आसपास वापरलेल्या रकमेला शंभर दिवसांचे 4,500. ढोबळ हिशेबाने वर्षाचे सव्वाशे टक्के. संगणकावर काटेकोर काढलं तर 121.

इथे एक गंमत आहे. टक्क्यांत डेलीवाला अ‍ॅपच्या दुप्पट महाग, पण रुपयांत तो 4,500 घेतो आणि अ‍ॅप 5,262. मग स्वस्त कोण? याचं उत्तर तुम्ही पैसे कशात घालणार आहात त्यावर आहे. मंडईतली बाई पहाटे पाच हजारांचा भाजीपाला उचलते, दुपारपर्यंत विकून सात हजार करते आणि संध्याकाळी पाच हजारांवर शंभर रुपये जास्त देते. वर्षाच्या टक्क्यांत मोजलं तर हा दर सातशेच्याही वर जातो, पण तिच्यासाठी ते शंभर रुपये म्हणजे हमालीसारखा एक खर्च. पैसा सकाळी गेला, संध्याकाळी आला. अशा माणसाला मी कधी व्याख्यान देत नाही.

तुमचा पैसा तसा फिरणारा नाही. डिपॉझिट गाळेमालकाकडे जाऊन बसणार, अकरा महिन्यांनी करार संपल्यावर परत मिळणार. आणि तुम्ही तो आणताय शंभर दिवसांत फेडायच्या बोलीवर. म्हणजे फेड डिपॉझिटमधून होणार नाही, रोजच्या सहा-सातशेतून होणार. त्यातले 300 पहिल्याच दिवसापासून गेले की उरतात तीन-चारशे. घर त्यात चालवायचं, गाळ्याचं भाडं त्यात भरायचं, आणि नव्या जागेत पहिले दोन महिने गिऱ्हाईक कमी असतं तेही त्यातच सोसायचं. साठाव्या दिवसाच्या आसपास तेल-बेसनाला पैसे कमी पडतील. ही भविष्यवाणी नाही, वजाबाकी आहे.

आणि त्या साठाव्या दिवशी डेलीवाला फार गोड बोलतो. ‘दादा, व्यवहार चोख आहे तुमचा, कार्ड रिन्यू करून देऊ का?’

अल्पमुदतीच्या कर्जाची खरी किंमत या वाक्यापासून सुरू होते, म्हणून इथे थोडं थांबतो. साठ दिवसांत तुम्ही 18,000 भरले, बाकी 12,000. तो नवं 30,000 चं कार्ड लिहितो. त्यातून पुन्हा 15 टक्के, म्हणजे 4,500 कापतो. जुने 12,000 वळते करून घेतो. तुमच्या हातात 13,500. वरवर सरळ व्यवहार. पण त्या जुन्या 12,000 वरची कपात तुम्ही पहिल्या दिवशीच भरून चुकला होता, तीही पूर्ण शंभर दिवसांची. आता त्याच 12,000 वर पुन्हा 15 टक्के गेले. नवे पैसे 13,500, त्यांची किंमत 4,500. एक तृतीयांश. दर साठ दिवसांनी असंच चालू राहिलं तर वर्षात सहा कार्डं होतात आणि 27,000 रुपये कापले जातात. वापरायला मात्र एका वेळी 25,500 पेक्षा जास्त रक्कम तुमच्याकडे कधीच नव्हती. वर्षाअखेरीला बाकी तरीही डोक्यावर.

काही वर्षांपूर्वी चहाची टपरी चालवणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली सात पिवळी कार्डं, प्रत्येकावर शंभर चौकोन, प्रत्येक चौकोनात वसुलीच्या पोराची निळी सही. पावसाळ्यातल्या काही चौकोनांत सहीऐवजी लाल फुली, आणि बाजूला बारीक अक्षरात ‘50’. त्या दिवशी टपरी उघडलीच नव्हती, त्याचा दंड. एकाही कार्डाचे शंभर चौकोन भरलेले नव्हते. कुठे 55, कुठे 62 वर आडवी रेघ, पुढे ‘रि.’ आणि नवी तारीख. त्यांचं म्हणणं, ‘मी एकदाच घेतलंय हो कर्ज, दोन वर्षांपूर्वी. तेच फेडतेय.’ त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं. आम्ही जमिनीवर बसून सातही कार्डांच्या कपाती मांडल्या, तेव्हा पहिल्यांदा घेतलेल्या रकमेपेक्षा कपातीचाच आकडा मोठा निघाला. त्या रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, ‘एवढ्यात टपरी पक्की झाली असती.’

अ‍ॅपच्या कर्जात हेच थोड्या सभ्य रूपात होतं. हप्त्याच्या तारखेला खात्यात 5,600 ऐवजी 5,400 असले की हप्ता परत जातो. कर्ज देणाऱ्याचा बाऊन्स आकार वेगळा, तुमच्या बँकेचा वेगळा, दोन्ही मिळून हजारापर्यंत सहज. दोनशे कमी पडले म्हणून हजार. लगेच त्याच अ‍ॅपवर ‘टॉप-अप’चा मेसेज येतो. मग दुसरं अ‍ॅप, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. दर अर्जागणिक सिबिलवर चौकशीची नोंद पडते, आणि सहा महिन्यांनी तुम्ही पतसंस्थेत किंवा बँकेत गेलात की साहेब स्क्रीनकडे बघून मान हलवतो. दंडाबद्दल एक नियम मात्र लक्षात असू द्या. 2024 पासून बँका आणि वित्त कंपन्यांना थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. दंड हा वेगळा आकार म्हणूनच घ्यावा लागतो.

सात दिवसांच्या अ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जाहिराती येतच असतील. 5,000 मंजूर, हातात 3,200, सात दिवसांनी 5,000 परत. 3,200 वर 1,800. वर्षाच्या दरात मोजलं तर जवळजवळ 2,900 टक्के. यातले बरेचसे नोंदणीकृत नसतातच. ते फोनमधले नंबर आणि फोटो घेतात, आणि आठव्या दिवशी तुमच्या मेव्हण्याला, शाळेतल्या बाईंना, जुन्या मालकाला फोन जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादी, कॉल लॉग आणि फोटो बघण्याची परवानगीच नाही, आणि वसुलीचे फोन सकाळी 8 आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. धमकी किंवा मॉर्फ केलेले फोटो आले तर पैसे भरून प्रकरण मिटवायला जाऊ नका. एकदा भरलं की पुन्हा मागतात. 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन आणि पोलिसांत तक्रार.

‘मग सरकार काही करत नाही का,’ असं लोक विचारतात. कायदा आहे, पण तो सगळ्यांना सारखा लागत नाही. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला 15 आणि विनातारण 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेतकऱ्यांसाठी हेच दर 9 आणि 12 आहेत. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम तो हाच. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा डेलीवाला बहुधा याच प्रकारात मोडतो, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. अ‍ॅपमागच्या नोंदणीकृत कंपनीचं तसं नाही. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं की असे राज्याचे कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना लागू होत नाहीत. आणि रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांच्या व्याजाला वरची मर्यादा घातलेली नाही. अति झालं की ती हात घालते, ऑक्टोबर 2024 मध्ये अवाजवी व्याजाच्या कारणावरून चार कंपन्यांना नवी कर्जं थांबवायला लावली होती. पण 61 टक्के एपीआर केएफएसमध्ये स्वच्छ लिहिला आणि तुम्ही बटण दाबलं, की तो तुमचा करार झाला.

कागदावरून आठवलं. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा ते वह्या आणि कर्जरोख्यांच्या मागे होते. पुढे गावोगाव तेच झालं, रोखे मागून घ्यायचे आणि जाळायचे. कर्जाची किंमत कुठे ठरते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. म्हणून सांगतो, डेलीवाल्याकडे गेलातच, तरी कोरा चेक आणि सही केलेला कोरा स्टॅम्प पेपर कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. कार्ड हरवलं तर भरलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही, आणि कोरा चेक मात्र त्याच्याकडे राहतो. रोज संध्याकाळी कार्डाचा फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या तिसऱ्या वाटेकडे, जिला तुम्ही जवळजवळ काट मारली आहे. पतसंस्थेचे 14 टक्के उतरत्या शिलकेवरचे आहेत ना, एवढं एकदा विचारून घ्या. असतील तर 30,000 वर्षभरासाठी घेतले की हप्ता साधारण 2,694 बसतो, दिवसाला नव्वद रुपये. वर्षाचं एकूण व्याज 2,323. अ‍ॅपच्या निम्म्याहून कमी, आणि मुदत दुप्पट. शेअरची वर्गणी आणि फॉर्मचे चार पैसे धरले तरी चित्र बदलत नाही. मुख्य म्हणजे फेड आणि डिपॉझिट जवळपास एकाच सुमाराला संपतं. दिवसाला 90 तुमच्या गाड्याला झेपतील, 300 झेपणार नाहीत. दोन जामीनदार गोळा करणं लाजिरवाणं वाटतं, मला माहीत आहे. पण पंधरा दिवस थांबण्याची मजुरी इथे तीन हजारांच्या जवळ आहे.

अडचण फक्त त्या आठ दिवसांची. तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की पिग्मीत 9,000 जमा आहेत आणि घरात थोडं सोनं आहे, पण बायको नको म्हणते. पिग्मी मोडू नका, मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. पिग्मी तारण कर्ज बहुतेक पतसंस्था त्याच दिवशी देतात, जमा रकमेच्या ऐंशी टक्के धरा, सात हजार मिळतील. सोन्याचं म्हणाल तर वहिनींची भीती अगदीच चुकीची नाही, हप्ता-व्याज थकलं की लिलावाची नोटीस येते. पण पतसंस्थेचं कर्ज मंजूर होईपर्यंत महिन्याभरासाठी एक अंगठी 12 टक्क्यांनी ठेवली तर 10,000 मागे शंभर रुपये व्याज आणि थोडा व्हॅल्युएशनचा खर्च, एवढ्यात भागतं. सोडवायची तारीख वहिनींसमोर ठरवा आणि पतसंस्थेचे पैसे आले की आधी तीच सोडवा. गाड्याचं महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र असेल तर पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेचाही अर्ज टाका. पहिला टप्पा आता 15,000 चा आहे, ऑगस्ट 2025 आधी तो 10,000 चा होता, आणि वेळेवर फेडलं तर 7 टक्के व्याज अनुदान मिळतं. आठ दिवसांत ते होणार नाही, पण गाळ्यात सामान भरायला उपयोगी पडेल.

आणि हे सगळं करण्याआधी गाळेमालकाकडे एकदा जाऊन या. निम्मं डिपॉझिट आत्ता, निम्मं दोन महिन्यांनी, तसं करारात लिहून. रिकामा गाळा त्यालाही परवडत नाही. मी असे बरेच मालक कबूल झालेले पाहिलेत, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं, कारण विचारण्याआधीच लोक फोन काढून अ‍ॅप उघडतात.

तुम्ही हे वाचेपर्यंत बटण दाबून झालं असेल, तर आज रात्रीच केएफएस उघडा आणि त्यात ‘कूलिंग-ऑफ’चे, म्हणजे कर्ज घेतल्यावर मन बदलायचे, दिवस किती दिलेत ते बघा. किमान एक दिवस द्यावाच लागतो. तेवढ्या वेळात मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांचा खर्च परत केला की मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. आधीच लिहिलेली असेल तर प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवून घेऊ शकतात. 900 गेले तरी चालतील.